स्पीकरच्या पेटीत फोम लावूनही आवाज पोकळ का येतो?

प्रश्न

मी नुकतीच १८ मिलिमीटर प्लायवूडची, वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि ट्विटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) असलेली स्पीकरची पेटी तयार केली आहे. आतील उंची ६० सेंटीमीटर, खोली २८ आणि रुंदी २० सेंटीमीटर आहे. साडेसहा इंची वूफर वरच्या बाजूस असून पोर्टची, म्हणजे पेटीतली हवा बाहेर ये-जा करू देणारी, नळी मागील फळीत तळाजवळ बसवली आहे. सर्व फळ्यांना आतून २ सेंटीमीटर जाडीचा फोम चिकटवला, तरीही पुरुषाचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. मायक्रोफोन पोर्टच्या तोंडाशी धरून मोजणी केली, तेव्हा २९० हर्ट्झच्या जवळ एक टोकदार उंचवटा दिसला. फोमचा आणखी एक थर द्यावा, की समांतर फळ्या टाळून तिरप्या फळ्यांची पेटी नव्याने बांधावी?

उत्तर १

या उंचवट्याचे मूळ आपण दिलेल्या मापांतच आहे. समोरासमोरच्या दोन फळ्यांमधील अंतर तरंगलांबीच्या निम्मे भरले, की जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळून स्थायी तरंग तयार होतो. २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्याला ६० सेंटीमीटरच्या दुपटीने भागले की २८६ हर्ट्झ येतात, म्हणजे जवळजवळ आपण मोजलेलाच आकडा. आडव्या मापांसाठी हाच हिशेब ६१२ आणि ८५७ हर्ट्झ देतो, पण त्रास उंचीचा आहे.

फोम निष्प्रभ का ठरला, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतो तो त्याच्या छिद्रांतून मागेपुढे हलणाऱ्या हवेशी होणाऱ्या घर्षणामुळे. फळीला लागून दाब सर्वांत जास्त असतो, मात्र तिथे हवेला हलायला वावच नसतो. ती सर्वांत वेगाने हलते फळीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे २८६ हर्ट्झसाठी ३० सेंटीमीटरवर, पेटीच्या बरोबर मध्यावर. २ सेंटीमीटर ही साधारण ४३०० हर्ट्झची पाव तरंगलांबी झाली. तिथून खाली येताना या फोमचा उपयोग झपाट्याने घटतो आणि त्याच्या वरचा ध्वनी क्रॉसओव्हरमुळे (वूफर आणि ट्विटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटमुळे) वूफरकडे फारसा येतच नाही. म्हणून आणखी थर चिकटवू नका. उशीत भरतात तसा पॉलिएस्टरचा कापूस पिंजून, पेटीच्या मधल्या तिसऱ्या भागात सैलसर भरा. सुरुवातीला सुमारे १०० ग्रॅम पुरे. तो खाली घसरू नये म्हणून खाली जाळी ताणून बसवा.

तिरप्या फळ्यांनी स्थायी तरंग नाहीसे होत नाहीत, ते फक्त थोडे सरकतात आणि विखुरतात. त्यासाठी पेटी मोडण्याची गरज मला दिसत नाही.

उत्तर २

कापूस भरण्यापूर्वी दोष हवेचा आहे की फळीचा, याची खात्री करून घ्यावी, कारण बाजूची ६० सेंटीमीटरची फळीसुद्धा याच पट्ट्यात थरथरू शकते आणि तिला कापसाचा काहीही उपयोग होत नाही. वूफर काढून पेटीत एक मऊ उशी कोंबा, वूफर परत बसवा आणि पुन्हा मोजा. मात्र या वेळी उशीच्या आधी आणि नंतरही मायक्रोफोन वूफरच्या कोनाजवळ (पुढेमागे हलणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्याजवळ) धरा, कारण पोर्टमधून येणारा आवाज उशीने तसाही दबेल. त्याच स्वराच्या आसपास तिथे आलेखात दिसणारा खळगा नाहीसा झाला तर दोष हवेचा. जसाच्या तसा राहिला तर समोरासमोरच्या फळ्यांना जोडणारा लाकडी आधार द्यावा, तोही मध्यावर न देता थोडा बाजूला, म्हणजे उरलेले दोन भाग एकाच स्वराला थरथरत नाहीत.

आपला फोमही एकदा तपासा. तुकडा ओठांशी धरून फुंकर मारावी. हवा पलीकडे गेली नाही, तर तो बंद छिद्रांचा, वस्तू बांधण्यासाठीचा फोम आहे आणि ध्वनिशोषणासाठी त्याचा उपयोग नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. उशीच्या चाचणीत कोनाजवळचा खळगा जवळजवळ पुसला गेला, म्हणजे दोष हवेचाच होता. नंतर १०० ग्रॅम कापूस मध्यावर भरला आणि आवाज स्पष्टपणे मोकळा झाला. उत्साहाने तो दुप्पट केला, तर पोर्टजवळही थोडा पसरला आणि खर्जाचा भरणा कमी झाला.

उत्तर ३

बंद पेटीत भरपूर कापूस चालतो, किंबहुना त्यामुळे पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. पोर्टच्या पेटीत मात्र खर्जाचा मोठा वाटा नळीतील हवेच्या हालचालीतून येतो आणि कापूस तीच हालचाल रोखतो. नळीच्या आतल्या तोंडाभोवती किमान नळीच्या व्यासाइतकी जागा पूर्ण मोकळी ठेवा. प्रत्येक वेळी थोडा कापूस कमी-अधिक करून वूफरच्या इम्पीडन्सचा (स्वरानुसार बदलणाऱ्या विद्युत अवरोधाचा) आलेख काढा. त्यातील दोन शिखरे बुटकी होऊ लागली, की कापूस जास्त झाला असे समजावे.

दुसरी जोडी बांधाल तेव्हा पोर्ट उंचीच्या मध्याशी ठेवा. तिथे २८६ हर्ट्झचा दाब जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे तो स्वर नळीतून बाहेर येतच नाही. वूफरच्या मागे येणाऱ्या मागील फळीवर मात्र आताही जाड फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे कापड) लावता येईल, कारण पातळ कोनामधून आरपार येणारे पहिले परावर्तन तिथूनच परतते. वूफरच्या भोकाची आतली कड ४५ अंशांत तासून घ्या. १८ मिलिमीटरच्या फळीत ती सरळ ठेवली, तर कोनाच्या मागची हवा अरुंद बोगद्यात अडकल्यासारखी होते. स्क्रूसाठी लागणारे लाकूड तेवढे शाबूत ठेवा.