राजांगणासमोरच्या भिंतीवर ६५ इंची टीव्ही: ग्लॉसी पडदा घ्यावा की मॅट?

नमस्कार,

मोठा टीव्ही घ्यायचे घरात ठरले आहे, पण पडदा ग्लॉसी (चकचकीत) घ्यावा की मॅट (चकाकी नसलेला) या एका प्रश्नावर मी अडलो आहे. दुकानांत विचारून समाधान झाले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर फोंडा तालुक्यातील एका गावात आहे. घर जुने, कौलारू, मधोमध राजांगण (वरून उघडे अंगण) आणि त्याच्या चारी बाजूंना खांबांची ओसरी असे आहे. टीव्ही याच ओसरीतल्या भिंतीवर आहे आणि बघणारे राजांगणाकडे पाठ करून बसतात, त्यामुळे दिवसभर घरात जो उजेड येतो तो आमच्या पाठीमागून सरळ पडद्यावर पडतो. ओसरीच्या एका टोकाला देवखोलीचे दार आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराची वाट असल्याने टीव्हीची भिंत बदलता येत नाही. आतल्या खोल्यांच्या खिडक्या लहान आहेत आणि तिथे ही अडचण आपोआप सुटेल. पण बाबांची आरामखुर्ची गेली तीस वर्षे ओसरीत आहे आणि ती तिथून हलवावी असे आम्हां कुणालाच वाटत नाही.

बाबांचे वय ७८ आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि नजर चांगली आहे, पण उजेडाची तिरीप डोळ्यांवर आली की त्यांना त्रास होतो. क्रिकेटचा सामना ते दुपारी कसाबसा पाहतात, कारण हिरवे मैदान आणि पांढरे कपडे पडद्यावरच्या प्रतिबिंबांना झाकून टाकतात. खरी अडचण संगीत नाटकांच्या ध्वनिचित्रफितींची आहे. आमच्याकडे देवळांच्या उत्सवांत मराठी नाटके करण्याची चाल जुनी आहे. बाबा स्वतः तरुणपणी गावच्या नाटकात उभे राहत असत आणि आता दुपारच्या जेवणानंतर जुनी नाटके पाहणे हा त्यांच्या दिवसातला सर्वांत आवडता वेळ आहे. या चित्रफितींत रंगमंच बहुतेक काळोखा असतो आणि प्रकाश असतो तो नटाच्या चेहऱ्यापुरता.

गेल्या आठवड्यात दुपारी तीन वाजता मी मुद्दाम त्यांच्या खुर्चीत बसून पाहिले. नायिकेचे पद चालू होते आणि तिच्या खांद्याच्या जागी आमचे तुळशीवृंदावन स्वच्छ दिसत होते, त्याच्या कठड्यावर सुपात वाळत घातलेल्या सोलांसकट (आमसुलांसकट). मधेच आई सोले परतायला राजांगणात उतरली आणि नायिकेच्या चेहऱ्यावरून चालत गेली. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी मान थोडी डावीकडे कलवली. ती हालचाल इतकी सवयीची होती की ते रोज असेच पाहत असणार हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

सध्याचा संच ४३ इंची आहे. ६५ इंची पडद्याची रुंदी साधारण १४४ सेंटिमीटर आणि उंची ८१ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ आजच्या दुपटीहून जास्त. आरसा जितका मोठा तितके त्यात घर जास्त दिसणार, हे उघड आहे.

निर्णय घेण्यापूर्वी मी दोन घरांत जाऊन आलो. मडगावला चुलत भावाच्या फ्लॅटमध्ये मॅट पडद्याचा ओएलईडी संच (ज्यात पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो) आहे. दुपारी खिडकी उघडी असताना त्यात खिडकीचा आकार कुठेच दिसला नाही, हे पाहून मला फार बरे वाटले. पण काळा रंग काळा राहिला नव्हता, संपूर्ण पडद्यावर पातळ ताक शिंपडल्यासारखी फिकट छटा आली होती. मिरामारला एका स्नेह्यांकडे ग्लॉसी पडद्याचा संच आहे. त्याचा काळा रंग काजळासारखा आणि रंग भरदार, पण संध्याकाळी पश्चिमेची खिडकी उघडी असताना पडद्याच्या एका कोपऱ्यात खिडकीच्या गजांसकट सगळे आकाश उतरले होते. दुकानात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लावलेले होते, पण छतावरच्या दिव्यांखाली आणि रंग भडक करून ठेवलेल्या चित्रावरून आमच्या ओसरीतली दुपार कशी असेल ते कळणे अवघड आहे. विक्रेत्याने ‘मॅट घ्या, रिफ्लेक्शनचा प्रश्नच नाही’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगितले.

रात्री दहानंतर दिवे मालवून मी आणि पत्नी चित्रपट पाहतो, म्हणून चित्राच्या दर्जाशी फार तडजोड होऊ नये अशीही इच्छा आहे. तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे: एखादी खिडकी नव्हे, तर अख्खे अंगणच समोर असेल तर मॅट पडद्याचा खरोखर उपयोग होतो का? आणि दिवसा मॅट पडद्याची जी फिकट छटा मी पाहिली, ती रात्री अंधारातही राहते का?

प्रतिसाद

आपण परिस्थिती इतकी नेमकी मांडली आहे की उत्तर देणे सोपे झाले आहे. आपल्या पहिल्या प्रश्नातच सगळे मर्म आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

कोणताही लेप नसलेल्या काचेच्या पृष्ठभागावर समोरून प्रकाश पडला तर त्यातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. हा आकडा लहान वाटतो, पण दुपारच्या उन्हातली चुना लावलेली भिंत दहा हजार निट्सच्या (निट हे पृष्ठभागाची प्रखरता मोजण्याचे एकक) घरात उजळलेली असू शकते; तिचे ४ टक्के म्हणजे ४०० निट्स. नाटकातल्या काळोख्या दृश्याचे बरेचसे भाग दहा निट्सच्याही खाली असतात. बाबांना नायिकेऐवजी तुळस दिसते ती यामुळे. चांगल्या ग्लॉसी पडद्यावर प्रतिबिंबरोधक लेपाचे अतिशय पातळ थर असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात, म्हणजे परत येणारा प्रकाश खरोखरच कमी होतो. अशा पडद्यावरचे प्रतिबिंब जांभळट किंवा हिरवट दिसते, तीच या लेपाची खूण.

मॅट पडद्याचे काम वेगळे आहे. त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो आणि तो प्रकाश एका दिशेला परत न पाठवता सगळीकडे विखुरतो. केवळ विखुरल्याने प्रकाश नाहीसा होत नाही, फक्त पसरतो. दिव्याचा गोळा किंवा लहान खिडकी समोर असेल तर तो इतका पातळ पसरतो की जाणवत नाही, आणि तिथे मॅटला तोड नाही. पण उजेडाचा स्रोतच अंगणाएवढा असेल तर पसरायला अंधारी जागा उरत नाही आणि पडद्याचा प्रत्येक बिंदू थोडाथोडा उजळतो. आपण मडगावला पाहिलेली छटा हीच. ओएलईडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. क्यूडी-ओएलईडी (क्वांटम डॉट वापरणाऱ्या ओएलईडी) प्रकारच्या पडद्यात, बाहेरून येणारा प्रकाश शोषणारा पोलरायझर नसतो, त्यामुळे उजेडात त्याचा काळा रंग मुळातच करडा किंवा किंचित जांभळा दिसतो. एलजीच्या पांढऱ्या ओएलईडी पडद्यांत पोलरायझर असतो आणि उजेडातही काळा रंग बराच टिकतो. तेव्हा मडगावचा अनुभव सगळाच मॅटच्या माथी मारण्याआधी तो पडदा कोणत्या जातीचा आहे ते विचारून घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात: नाही. ती छटा खोलीतल्या प्रकाशातून येते. दिवे मालवले की विखुरायला काही उरत नाही. जवळून पाहिल्यास बारीक अक्षरांच्या कडा किंचित मऊ वाटतात, पण दहा फुटांवरून ते जाणवणार नाही.

काहीही विकत घेण्यापूर्वी एक करून पाहावे. टीव्ही जिथे येणार तिथे भिंतीवर एक मोठा आरसा सपाट धरून बाबांच्या खुर्चीत बसावे. आरशात जे दिसेल तेच उद्या पडद्यात दिसणार आहे. मग आरशाची वरची कड हळूहळू पुढे झुकवावी. पडदा ५ अंशांनी झुकला की प्रतिबिंबाची दिशा १० अंशांनी बदलते, आणि अंगणाच्या जागी जमीन दिसू लागते. झुकणारा ब्रॅकेट पडद्याच्या प्रकारातील फरकापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

आणखी एक प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. आमचे घर डिचोलीला असून रचना साधारण अशीच आहे. आम्ही दोन खांबांच्या मध्ये बांबूचा चिकाचा पडदा सोडला आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटला. वारा येतो, राजांगणही दिसते, फक्त उन्हाचा थेट पांढरेपणा अडतो. आपल्याकडे मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो, थंडीत मात्र तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो, म्हणून एकाच दिवशी पाहून ठरवू नये. पावसाळ्यात ऊन नसले तरी ढगाळ आकाशाचा पसरट उजेड दिवसभर असतो.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी मी आणि मुलाने कपाटाच्या दाराचा आरसा काढून टीव्हीच्या जागी धरला आणि बाबांना खुर्चीत बसवले. आरसा सरळ असताना त्यांना वृंदावन, समोरची ओसरी आणि पलीकडची चुन्याची भिंत दिसली. वरची कड चार बोटे पुढे घेतली तेव्हा भिंत पूर्ण गेली, वृंदावनाचा फक्त पाया उरला आणि बाकी सगळा आमच्या लाल कोब्याचा गडद रंग आला. कोबा घोटून गुळगुळीत झालेला असल्याने त्यावर उजेडाचा एक लांबट पट्टा मात्र चमकत होता. मग खांबांना दोरी बांधून जुनी चटई लटकवली, तेव्हा तो पट्टाही निस्तेज झाला.

यानंतर मी बाबांना विचारले की सगळे चित्र थोडे फिके दिसलेले चालेल की काळा रंग गडद हवा आणि मधेमधे प्रतिबिंब दिसले तरी हरकत नाही. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, ‘फिके चालेल रे, पण नटाच्या तोंडावरून कोणी चालता कामा नये.’ हे ऐकल्यावर माझ्या मनातला गोंधळ संपला. राजांगणातला वावर थांबणार नाही आणि थांबूही नये. ग्लॉसी पडदा कितीही चांगल्या लेपाचा असला तरी हलणारी आकृती थोडी का होईना दिसणारच, आणि डोळा हलणाऱ्या गोष्टीमागे जातो. बाबा दुपारी रोज तीन तास पाहतात, आम्ही आठवड्यातून दोन रात्री. आणि रात्री अंधारात मॅटचे फारसे नुकसान नाही हे आपण स्पष्ट केलेच आहे.

मडगावला फोन करून विचारले. तो संच क्यूडी-ओएलईडीच आहे. म्हणून आता विचार असा आहे की मॅट पडदा घ्यावा, पण तो मिनी एलईडीचा (पडद्यामागे असंख्य बारीक दिवे असलेला एलसीडी), म्हणजे दिवसाच्या उजेडाशी झगडण्याइतकी प्रखरता मिळेल आणि फिकेपणा त्यामानाने कमी जाणवेल. झुकणारा ब्रॅकेट आणि चिकाचा पडदा या दोन्ही गोष्टी आधी लावणार आहे.

एक शंका अजून उरली आहे. मॅट पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्यावर बसलेली धूळ आणि बोटांचे डाग कसे निघतात? आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते, आणि देवखोलीतल्या समईचा व धुपाचा धूर ओसरीत फिरतो, त्यामुळे पडद्यावर चिकट थर बसणार हे गृहीत आहे. सध्याच्या पडद्यावरचा तो थर मी कोरड्या मऊ कापडाने आणि हट्टी असेल तिथे किंचित ओलसर कापडाने काढतो, द्रावण कोणतेही वापरत नाही. ज्यांच्या घरी मॅट पडद्याने एखाद-दोन पावसाळे काढले आहेत त्यांनी कृपया सांगावे, की एवढ्याने तो स्वच्छ होतो का, आणि पुसलेल्या जागी चकाकणारे ठिपके पडतात का.