साताऱ्यात उतारावर वेळ का गेला?

सातारा हिल हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) २:१० मध्ये संपवू पाहणाऱ्या एका धावपटूने आपलं गणित मांडलंय: यवतेश्वर घाट चढून वळेपर्यंत १ तास ६ मिनिटं, परत खाली १ तास ८ मिनिटं, आणि शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये मांड्या आखडल्या. दोष मिठाच्या गोळ्यांना देऊ नका. चूक चढावर झाली.

२:१० (दोन तास दहा मिनिटं) साठी सरासरी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ६:१० मिनिटं लागते. तीच चढावर धरली की श्वास आणि पोटऱ्या वळणाआधीच संपतात. चढावर ६:३५, उतारावर ५:४५ ठेवा, बेरीज तीच येते. हा फक्त सरासरीचा हिशेब; प्रत्यक्ष घाटात घड्याळाची पेस बघूच नका. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच तपासा. तीव्र वळणावर तीस पावलं झपझप चालणं हे धावण्याइतकंच चांगलं, त्यात कमीपणा नाही.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो, त्यामुळे त्याची झीज सपाटीपेक्षा खूप जास्त. लांब टाच टाकली की प्रत्येक पाऊल ब्रेकच. पावलं आखूड, जलद, शरीराखालीच पडू द्या. कल किंचित पुढे, कमरेतून नव्हे तर घोट्यातून.

आणि याचा सराव वेगळा करावा लागतो, नुसते चढ मारून भागत नाही. दहा दिवसांतून एकदा मध्यम उतारावर ४०० मीटरचे चार, पुढे सहा फेरे. शेवटचा असा सराव स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. पहिल्या वेळी दोन दिवस जिना उतरताना मांड्या दुखतील, पुढच्या वेळी बऱ्याच कमी.

पुढच्या वेळी पाच-पाच किलोमीटरचे स्प्लिट (प्रत्येक टप्प्याचा वेळ) टाका, चिप टाइमचेच, म्हणजे धावपटूला लावलेल्या चिपने मोजलेल्या वेळेचे.