मदत हवी आहे: आखूड केसांच्या कुत्रीची घरी निगा, आणि नखांचं अडलेलं घोडं

नमस्कार मंडळी,

आम्ही कोथरूडला राहतो. आमची मिरी साधारण दोन वर्षांची गावठी कुत्री. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मली आणि थेट घरातच आली. तांबूस अंग, आखूड गुळगुळीत केस, नखं मात्र काळीभोर. मुख्य प्रश्न नखांचा आहे, पण बाकी काय करतो तेही सांगते, काही चुकत असेल तर सांगा.

आखूड केसांना काही करावं लागत नाही, हा माझा समज पहिल्याच उन्हाळ्यात गेला. लांब केस निदान गोळा करता येतात, हे सुईसारखे सतरंजीत रुततात. आधी मी तारेचा ब्रश आणला. तिला दाट केसांचा थर नाही, तारा थेट कातडीला लागल्या आणि पाठीवर लाल ओरखडे उठले. फार वाईट वाटलं. आता रबरी दातांचा हातमोजा वापरते. आधी हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा, म्हणजे सुटलेले केस वर येतात, मग केसांच्या दिशेने ओढायचा, शेवटी ओलसर पंचाने पुसायचं. गॅलरीत दिवसाआड दहा मिनिटं. घरातले केस निम्म्याहून कमी झाले आणि तिलाही आवडतं, स्वतःहून पाठ पुढे करते.

अंघोळ महिन्या-दीड महिन्याने. पूर्वी दर रविवारी लहान बाळांच्या शाम्पूने घालत होते, तर अंगावर कोंडा झाला. डॉक्टर म्हणाले, माणसाची कातडी आम्लधर्मी, पीएच साडेपाचच्या आसपास, कुत्र्याची मात्र जवळजवळ उदासीन, सातच्या आसपास. आपला शाम्पू त्यांना चालत नाही. आता कुत्र्यांचाच शाम्पू तांब्याभर पाण्यात आधी कालवून घेते, कारण उन्हाळ्यात टँकरच्या जड पाण्याला फेसच येत नाही.

सकाळी वेताळ टेकडीवर जातो. पावसाळ्यात गोचीड, दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं. घरी आल्यावर कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवते. आखूड केसांचा हा एक फायदा, बोटांना लगेच लागतं.

आता अडलं ते इथे. गेल्या हिवाळ्यात एका ठिकाणी तिची नखं कापून घेतली. त्यांनी एक नख खोल कापलं, रक्त थांबेना, आणि ती किंचाळली तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून नेलकटर दिसला की दिवाणाखाली जाते. पुढचा पंजा मी धरला तरी ओढून घेते. रस्त्यावर चालून बाकीची नखं झिजतात, पण अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही, ते आता आत वळायला लागलंय. धरून-बांधून कापायचं नाही, एवढं मी ठरवलंय. तिचा माझ्यावरचा विश्वास पुन्हा कसा बसवू? काळ्या नखात शीर कुठवर आहे हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद

ताई, नेलकटर काही दिवस बाजूलाच ठेवा. ती पेंगत असताना फक्त खांद्यावरून पंजापर्यंत हात न्यायचा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. पंजा ओढला की सोडून द्या, तिला कळू दे की ‘नको’ म्हटलेलं ऐकलं जातं. मग नेलकटर नुसता जमिनीवर ठेवून खाऊ, मग त्याचा आवाज आणि खाऊ. पुढे एका दिवशी एकच नख.

काळं नख टोकाकडून कागदाइतके पातळ काप घेत कापा. कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ओलसर ठिपका दिसला की थांबा, शीर जवळ आली. कॉर्नफ्लोअर हाताशी ठेवा, रक्त आलंच तर चिमूटभर दाबून दोन-तीन मिनिटं धरायचं. थोडं थोडं नियमित कापलं की शीरही मागे सरकते.

प्रतिसाद

आमच्याकडे फळीवर पॉलिश पेपर चिकटवलाय. आमचा लॅब्रॅडोर कुत्रा त्यावर पंजे घासतो आणि पुढची नखं आपोआप झिजतात. अंगठ्याला मात्र याचा उपयोग नाही. नख कातडीत टोचायला लागलं असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

गोचीड काढताना रॉकेल वगैरे टाकू नका आणि बोटांनी चिरडूही नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचं. त्यानंतर कधी खाणं सोडलं, ताप वाटला, हिरड्या फिकट दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचीडतापात उशीर महागात पडतो.

मूळ धागा लिहिणारी

दोघांचे मनापासून आभार. नख अजून टोचत नाहीये, डॉक्टरांना दाखवून खात्री केली. आज सतरावा दिवस. नेलकटर शेजारी असताना मिरी दिवाणाबाहेर बसून राहिली, पंजा माझ्या हातात होता. डाव्या अंगठ्याचं अगदी टोक कापलं, चिकनचा तुकडा दिला आणि तिथेच थांबले. उजवा उद्या.