मदत हवी आहे: शहराच्या हवामान आराखड्यावर हरकती लिहायच्यात, नेमकं काय विचारू?

काठावरची
आमच्या महापालिकेने हवामान आराखड्याचा मसुदा जाहीर केलाय. हरकती-सूचनांची मुदत संपत आलीय आणि वस्तीच्या वतीने पत्र लिहायचं काम माझ्यावर आलंय. मसुदा पूर्ण वाचला. सौरऊर्जा, ई-बस, दुभाजकातली झाडं, लोकसहभाग, सगळं चांगलंच आहे. पण आमचं काय होणार ते काही कळत नाही. काय विचारायचं ते लवकर सांगा. 'तज्ज्ञांना भेटा' म्हणू नका, ओळखीचं कोणी नाही.

नकाशेवाला
'आमचं काय होणार' म्हणजे? पूर, उष्मा की पाणीटंचाई? शहर समुद्राकाठी की नदीकाठी? वस्ती सखल भागात आहे का? एवढं तरी सांगा.

हिरवी_फांदी
झाडं मागा, दुसरं काही नको. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने २०१६ पासून ३० हरित मार्ग उभे केले, तिथलं तापमान सुमारे २ अंशांनी उतरलं. प्रत्येक वॉर्डात किती सावली आहे याची नोंद मागा. रोपांचा आकडा देतील, तो घेऊ नका. तीन वर्षांनी किती जगली ते विचारा.

काठावरची
पूर हो! नदीचं पाणी थेट घरात येत नाही, नाल्याचं येतं. नदी चढली की नाल्याचं तोंड दबतं आणि मोरीतून, संडासातून घाण पाणी उलटं वर येतं. पूर्वी क्वचित व्हायचं, आता पाऊस जरा जोरात आला तरी होतं.

जुना_जलअभियंता
मग मसुद्यात दोन गोष्टी शोधा. पावसाळी गटारं ताशी किती मिमी पावसाला धरलीत, आणि तो हिशेब नदी चढलेली धरून केलाय की उतरलेली. नाल्याचं तोंड मोकळं धरून गणित केलं असेल तर तुमच्या वस्तीपुरतं ते चुकीचं आहे, असं स्पष्ट लिहा. तोंडाला झडप आहे का? पंप आहे का? वीज गेली तर पंप कशावर चालणार?

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस' असं लिहिलं असेल तर तिथेही थांबा. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं त्याच घरात राहणाऱ्याला तो निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. आणि हवा एका अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे निव्वळ जुन्या नोंदींवर काढलेला आकडा कमी पडणार. भविष्यातला पाऊस धरलाय का, हे विचाराच.

ई_सारथी
ई-बसला मात्र विरोध करू नका. आगार वाढवल्याशिवाय बस घेऊन उपयोग नाही, हा मुद्दा जरूर टाका.

नकाशेवाला
त्यांनी कुठे विरोध केलाय? बसने उत्सर्जन कमी होईल, मोरीतलं पाणी थांबणार नाही. दोन्ही कामं हवीत, पण एकाच्या नावाखाली दुसरं राहून जातं.

पागोळी
झडपा-पंप हा जुना विचार झाला. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोनेक तासांत सुमारे १५० मिमी पाऊस पडला. २०१२ मध्ये त्यांनी ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला आणि रस्ते, बागा, मैदानांत पाणी वळवायची सुमारे ३०० कामं ठरवली. रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकात एरवी मुलं बास्केटबॉल खेळतात, जोराच्या पावसात त्याच खोलगट जागेत सुमारे १७ लाख लिटर पाणी थांबतं. तुमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला अशी मैदानं मागा.

जुना_जलअभियंता
वरच्या अंगाला मैदान हवं, मान्य. पण चीनमधल्या झेंगझोऊत 'स्पंज शहरा'ची, म्हणजे पावसाचं पाणी बागा-तळ्यांत मुरवायची-साठवायची, कामं झालेली असतानाही २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत माणसं गेली. तशा पावसात बागा पुरत नाहीत. गाड्या थांबवायचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेलं लागतं.

पागोळी
म्हणून बागा करायच्याच नाहीत का? नेहमीच्या पावसाचं काय?

दवाखान्यातली_ताई
मला गटारातलं कळत नाही, पण अधिकाराचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत मृत्यू खूप वाढले. २०१३ मध्ये तिथे उष्माघात रोखण्याचा आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. अंदाज आला की इशाऱ्याचा रंग ठरतो, आणि त्या रंगाला कोणी काय करायचं ते ठरलेलं असतं. तुमच्या मसुद्यात 'संबंधित विभाग' हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी पदनाम मागा.

आणि एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले लोक यांची यादी कोण ठेवणार? १९९५ च्या शिकागोतल्या लाटेत ७०० हून अधिक माणसं दगावली, त्यात एकटे राहणारे वृद्ध खूप होते. रात्री पाणी शिरलं तर त्यांना उचलायला शेजारीच आधी पोचतो. त्या शेजाऱ्याचा आराखड्यात कुठे उल्लेख आहे का?

हिरवी_फांदी
अवांतर: पेव्हर ब्लॉकवरही कोणीतरी लिहा. झाडाच्या बुंध्यापर्यंत बसवतात, पाणी मुरणार कुठून?

नकाशेवाला
काठावरची, मसुद्यातल्या नकाशात तुमची वस्ती पूररेषेच्या आत आहे की बाहेर?

काठावरची
रेषा दिसली नाही. आमच्या जागी हिरवा पट्टा आहे, 'नदीकाठ उद्यान' असं लिहिलंय. घरं दाखवलेली नाहीत. तिथे झाडं लावणार असतील असं धरून मी पुढे गेले.

नकाशेवाला
मग हाच तुमचा पहिला मुद्दा, बाकी सगळं नंतर! घरांच्या जागी उद्यान असेल तर घरं हलवायचं मनात आहे, किंवा ती मोजलीच नाहीत. दोन्ही विचारा. हलवणार असतील तर कुठे, किती लांब, उद्यानाच्या कामाआधी की नंतर, भाडेकरूंना घर मिळणार का. हलवणार नसतील तर नकाशा दुरुस्त करा म्हणावं. सोबत वस्तीतल्या घरांची यादी आणि मोरीतून पाणी येतानाचे तारखेसह फोटो जोडा. पत्राची पोच घ्या.

जुना_जलअभियंता
आणि तो नकाशा कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावरचा आहे ते बघा, कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं. शहराच्या विकास आराखड्यात त्याच जागेवर काय दाखवलंय तेही ताडून पाहा. दोन्हीत फरक निघाला तर तो फरकच पत्रात लिहा.

काठावरची
विकास आराखड्याचा नकाशा उद्या वॉर्ड ऑफिसात बघते. भाडेकरूंचे कोणते कागद जोडायचे, कोणाला माहीत आहे का?