कट मारला म्हणजे नेमकं काय केलं?

दुभाषी
मंडळी, एका शब्दाने दोन दिवस डोकं खाल्लंय. अपघातविम्याच्या दाव्यांची कागदपत्रं मी मराठीतून इंग्रजीत करून देतो. परवाच्या एका जबाबात वाक्य होतं, ‘मागून आलेल्या टेम्पोने कट मारला, माझा तोल गेला व मी गाडीसह रस्त्याच्या कडेला पडलो.’ घाईत होतो. ‘कट’ इंग्रजीच आहे म्हणून तसाच ठेवला, ‘टेम्पो कट मी’. तिकडून शेरा आला की वैद्यकीय अहवालात मनगटाचं हाड मोडल्याची नोंद आहे, कापल्याच्या जखमेची नाही, तरी तफावतीचा खुलासा करावा. त्या बिचाऱ्याच्या जबाबात काडीची तफावत नाही, सगळी करामत माझी. मग तेच वाक्य भाषांतराच्या यंत्राला घालून पाहिलं, तर टेम्पोने षड्यंत्र रचल्याचं कळलं.
तर ‘कट मारणे’ इंग्रजीत कसं सांगू?

जर्सीकर
आमच्याकडे अमेरिकेत ‘ही कट मी ऑफ’ म्हणतात. ‘ऑफ’ विसरलात की जखम झालीच. इंग्लंडमध्ये मात्र ‘ही कट मी अप’ म्हणतात. ते वाक्य इथे कुणाला सांगितलं तर समोरचा पोलिसांना फोन करेल, कारण इथे त्याचा अर्थ तुकडे केले.
माझीही एक फजिती सांगतो. नवीन नोकरी, प्रवासखर्चाचे पैसे येणे होते. हिशेबनीस बाई म्हणाल्या, आम्ही उद्या तुमचा चेक कट करतोय. मी घाबरून विचारलं, काय चुकलं माझं? आपल्याकडे नाव कट होतं, पगार कट होतो, लाइन कट होते. कट होऊन कुणाला पैसे मिळाल्याचं मी ऐकलं नव्हतं. इथे चेक ‘कट करणे’ म्हणजे चेक काढणे.

शुद्धमती
मुळात ‘कट मारणे’ हे जबाबात लिहावंच का? मराठीत ‘हूल देणे’ आहे. ‘ट्रकने हूल दिल्याने दुचाकीस्वार पडला’ असं आमच्या सांगलीकडच्या बातम्यांत वर्षानुवर्षं वाचत आले आहे. ‘हुलकावणी देणे’ही आहे. घरात शब्द असताना शेजाऱ्याकडून उसना आणायचा आणि मग त्याचं भाषांतर होत नाही म्हणून रडायचं.

टेम्पोवाला
शुद्धमतीताई, हूल वेगळी, कट वेगळा. तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय म्हणून सांगतो. हूल देणारा तुमच्या अंगावर येतोय असं दाखवतो, येत नाही. कबड्डीत देतात तशी. कट मारणारा खरंच तुमच्या पुढ्यातून तिरका घुसतो. हुलीत तुम्ही घाबरून पडता, कटात तुम्हाला जागाच उरत नाही म्हणून पडता. शिवाय अगदी घासून बाजूने निघून जाणं, त्यालाही आम्ही कटच म्हणतो. कॉलेजची पोरं मुद्दाम मारतात तो हा.
आणि दुभाषी साहेब, इंग्रजी वाचणाऱ्याला ‘टेम्पो’ तरी कळला का? तिकडे टेम्पो म्हणजे गाण्याची लय. आपला टेम्पो हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव.

दुभाषी
अरे देवा, ते लक्षातच आलं नाही. म्हणजे लयीने त्याला कापलं असं गेलं तिकडे.
काका, यात धक्का लागलेला असतो की नसतो? दाव्यात तोच कळीचा मुद्दा आहे.

विळी
मला यातली वेगळीच गंमत दिसते. इंग्रजीत हा तीन अक्षरांचा शब्द सगळीकडे चालतो आणि आपण प्रत्येक वस्तूला निराळं क्रियापद ठेवलंय. कांदा चिरायचा, काकडी चोचवायची, सुपारी कातरायची, फणस फोडायचा, मेथी खुडायची, ऊस तोडायचा, कापड बेतायचं, हिऱ्याला पैलू पाडायचे. झाडाची फांदी छाटायची, पण लाकूड फोडायचं. नखं तर आपण चक्क ‘काढतो’. माझ्या पंजाबी जावेला याचं फार हसू येतं. ‘नखं काढली’ म्हटलं की कुणाला काही वाटत नाही, पण ‘केस काढले’ म्हटलं तर लोक दबक्या आवाजात विचारतात, कोण गेलं?
माझी पुतणी इंग्रजी माध्यमातली. ती म्हणते, ‘काकू, मी कांदा कट करून देते.’ मी म्हणते, कट करू नकोस, चीर. तर ती म्हणते, तेच ना!
तेच नाही हो. चिरलेला कांदा आणि कापलेला कांदा मला डोळ्यांपुढे वेगळा दिसतो.

खरडछाटणी
विळीताई, शंभर टक्के. नाशिककडचा द्राक्षवाला आहे. आमच्या बागेत वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळ छाटणी. पहिलीत काडी तयार करायची, दुसरीत तिच्यावर माल धरायचा. दोन्हीला ‘कट’ म्हटलं तर मजूर कुठली करतील देव जाणे. रोपवाटिकेतला पोरगा मात्र छाट कलमाला ‘कटिंग’ म्हणतो. आणि आमच्या गावात कटिंग म्हणजे डोक्याचे केस. दुकानावर पाटीच आहे, कटिंग-दाढी. मुंबईचा पाहुणा आला, टपरीवर ‘दोन कटिंग’ म्हणाला, तर चहावाल्याने समोरच्या न्हाव्याकडे बोट दाखवलं.

गिरगावचा
आमचा कटिंग म्हणजे एक चहा दोघांत. आता एकटाही कटिंगच मागतो, तेव्हा उरलेला अर्धा कुणाचा हा प्रश्न मला लहानपणापासून आहे.

निरुक्त
थोडं मुळाशी जाऊ. संस्कृतात ‘कृत्’ हा कापण्याचा धातू आहे, त्यावरून कर्तरी, तिची मराठीत कात्री. कातरणे, कात्रण, सगळं त्याच कुळातलं. कट्यारही तिथलीच. तेव्हा ‘कृत्’ आणि ‘कट’ यांचं साम्य उघड आहे. इंग्रजांनी आपलाच शब्द आपल्याला परत विकला एवढंच.

ग्रिमचा पुतण्या
निरुक्तराव, कात्रीपर्यंत तुमच्याबरोबर आहे, पुढे नाही. संस्कृतातला ‘क’ जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, सहसा ‘ह’ होतो, ‘क’ राहत नाही. इंग्रजी ‘कट’ मध्ययुगात उगवलेला दिसतो आणि त्याचं मूळ नक्की लागत नाही, स्कँडिनेव्हियन असावं असा तर्क करतात.
पण निराश होऊ नका. ‘कृत्’ ज्या मूळ धातूकुळातला आहे त्याची इंग्रजीतली भावंडं आहेत, फक्त त्यांच्या सुरुवातीला ‘स’ होता म्हणून तो नियम त्यांना लागला नाही. मेंढीची लोकर कातरतात ते ‘शिअर’, कापून आखूड केलेला तो ‘शॉर्ट’, आणि त्यावरून शर्ट न् स्कर्ट. म्हणजे तुमची कात्री शर्टाची लांबची बहीण आहे, कटाची नाही.

निरुक्त
हे पाश्चात्त्यांचे नियम पाश्चात्त्यांनीच केलेले. कटलेट, कटलरी हेही मग योगायोगच म्हणायचे का?

ग्रिमचा पुतण्या
हो, तेही ‘कट’चे नाहीत. कटलेट फ्रेंच ‘कोतलेत’वरून, म्हणजे लहानशी बरगडी. आपल्या बटाट्याच्या कटलेटात बरगडी कुठून आली हे विचारू नका. कटलरी सुरीच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलेली.

शुद्धमती
शर्ट-स्कर्ट राहू द्या. महापौर, दिग्दर्शक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कुणाच्या जिभेला अडतात? कपात, काटछाट, छाटणी, कात्रण, आडवाट हे शब्द तर घडवायलाही नकोत, आयते आहेत. तरी पगारात ‘कट’, पेपरचं ‘कटिंग’, गल्लीतून ‘शॉर्टकट’.

फिल्मी
ताई, दिग्दर्शक हा शब्द मराठीने आनंदाने घेतला, आणि तो दिग्दर्शक सेटवर ‘कट!’ असंच ओरडतो. ‘छाट!’ म्हणाला तर अर्धं युनिट पळून जाईल.
आणि आडवाट म्हणजे शॉर्टकट नव्हे. आडवाटेने उशीरही होतो.

शुद्धमती
‘जवळची वाट’ म्हणा मग. तुमच्या ‘केशकर्तनालया’त कर्तन आहेच की!

खरडछाटणी
त्या केशकर्तनालयात आत गेल्यावर ‘कटिंग करायची’ असंच म्हणतात सगळे. बाहेर संस्कृत, आत कटिंग. आजोबा हजामत म्हणायचे, तो शब्द अरबी. आता यात मराठी कुठला धरू?

डागदरबाई
आमच्या व्यवसायातला ‘कट’ कुणी काढला नाही, बरं झालं म्हणणार होते, पण काढतेच. रुग्ण पाठवल्याबद्दल जी टक्केवारी मिळते ती ‘कटप्रॅक्टिस’. २०१७ साली राज्य सरकारने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता, त्यातही हाच शब्द. गंमत म्हणजे परदेशी डॉक्टरांना तो कळत नाही. लंडनमधल्या माझ्या वर्गमैत्रिणीने सांगितलं, तिथे तिने ‘कट प्रॅक्टिस’ म्हटलं तर सहकाऱ्याला वाटलं शस्त्रक्रियेचा सराव. दोन्ही शब्द इंग्रजी, जोडकाम आपलं.
मराठी मग काय, दलाली? ते तोंडावर म्हणायला जड जातं. ‘कट’ कसा हलका वाटतो, बहुतेक म्हणूनच टिकलाय.

दुभाषी
डागदरबाई, हे फार कामाचं आहे. म्हणजे इंग्रजीतून आपण फक्त नाम उचलतो आणि अर्थ आपल्या क्रियापदाने लावतो. कट मारला तर रस्त्यावर, कट घेतला तर दवाखान्यात, कट झाला तर फोन, कट केला तर नाव किंवा केक. आणि कट रचला तर तो शब्दच वेगळा, आपला जुना. यंत्र फसलं ते इथे. त्याने ‘कट’ पाहिला, ‘मारला’ पाहिलाच नाही. मीही वेगळं काय केलं म्हणा.

फिल्मी
‘मारणे’ तर आपलं हुकमी एक्का आहे. दांडी मारली, बुट्टी मारली, डुलकी मारली, चक्कर मारली, मस्का मारला. इंग्रजीत तास बुडवणे म्हणजे ‘कट’ क्लास, आपण तिथे दांडी मारतो. म्हणजे मारण्यात काही कापलं जातं असं धरलं तर…

आजीची आमटी
सगळं वाचलं. इतक्या कटांत खरा कट कुणालाच आठवला नाही? पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढतो तो कट. त्याची आमटी. होळीला पुरणपोळीपेक्षा मला तिचंच अप्रूप. तेव्हा ‘कट शिजला’ हा वाक्प्रचार मला लहानपणी अगदी निरागस वाटायचा. इतिहासाच्या पुस्तकात ‘दरबारात कट शिजत होता’ वाचून मी आईला विचारलं होतं, राजाकडेही पुरण होतं का?

रंकाळा
आणि मिसळीचा कट? कोल्हापुरात कट वेगळा मागायचा असतो.

तर्री
नागपुरात त्याला तर्री म्हणतात आणि ती तुमच्या कटापेक्षा तिखट असते.

पेठकर
पुण्यात सॅम्पल.

ग्रिमचा पुतण्या
काढा, कढी, कढणे हे ‘क्वथ्’ म्हणजे उकळणे यावरून आले. पुरणाचा कट त्यांच्यातलाच असावा असा मला मोह होतो, पण पुरावा नाही. उगाच निरुक्तरावांच्या पंगतीला बसायला नको.

निरुक्त
बसा की, आमच्या पंगतीत कटाची आमटी असते.

सोलापुरी
आमच्याकडे कट म्हणत नाहीत, येळवणी. डाळ वेळून घेतलेलं पाणी. कटाची आमटी पातळ आणि सपक, येळवणीला खोबरं-कांद्याचं भाजून वाटण हवं.

आजीची आमटी
सपक कुठली? गोडा मसाला, चिंच, गूळ, आणि चमचाभर पुरण त्यातच कालवायचं. वाटण घातलंत की ती रस्सा झाली.

पेठकर
चिंच नव्हे, आमसूल.

विळी
झालं, आता होळीपर्यंत हे चालणार.

दुभाषी
मंडळी, माझा दावा अजून तसाच आहे. टेम्पोवाले काका, धक्का लागतो की नाही ते राहिलंच.

टेम्पोवाला
लागला तर ‘धडक’, नाही लागला तर ‘कट’. घासून गेला तर पोलीस काय लिहितात त्यावर.

दुभाषी
ठीक. ‘वाहन अचानक आडवं घुसलं, प्रत्यक्ष धडक झाली नाही’ असं फोडून लिहितो, एका शब्दाचा नाद सोडतो. पण आताच दुसऱ्या साक्षीदाराचा जबाब उघडला. त्याचं वाक्य असं, ‘टेम्पोवाला कट मारून तिथून कटला.’

सोलापुरी
थांबा हो साहेब, आधी येळवणीत गूळ पडतो की नाही ते ठरू द्या.