पाडव्याची गाडी कुणाच्या नावावर घ्यावी?

(मार्च २०२६, ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा. नावांऐवजी फ्लॅट नंबर आहेत.)

बी-४०३: मंडळी, जरा सल्ला हवाय. पाडव्याला, १९ मार्चला, नवीन गाडी घरी आणायचा विचार आहे. हायब्रिड बघतोय, एक्स-शोरूम साधारण १७ लाख. मेहुण्याची वागळे इस्टेटमध्ये खोक्यांची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तो म्हणतो, कंपनीच्या नावावर बुक कर, ४५ हजार कॉर्पोरेट डिस्काउंट मिळतोय आणि वर जीएसटीही परत घेता येईल. पैसे मीच भरणार, चालवणार मीच. कुणी असं केलंय का? शनिवारी बुकिंगचे पैसे द्यायचेत.

डी-७०१: ४५ हजार म्हणजे विमा जवळपास फुकटात पडला की. घेऊन टाका.

ए-२०४: अभिनंदन! घोडबंदरच्या ट्रॅफिकला हायब्रिडच बरी. इथे चार्जिंग पॉइंटचा विषय तीन वर्षं नुसता मीटिंगमध्ये फिरतोय.

ए-११०२: बी-४०३, शनिवारी पैसे देऊ नका. आधी हे वाचा. मोठं लिहितोय, कारण हे मी भोगलंय.

जिन्याजवळच्या स्लॉटमध्ये जवळजवळ दहा महिने उभी राहिलेली राखाडी गाडी जुन्या मंडळींना आठवत असेल. ती माझी. म्हणजे पैसे माझे, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव आमच्या भागीदारी फर्मचं. घेताना मलाही असंच वाटलं होतं, फर्मच्या नावावर ३० हजार सुटतायत, मग का सोडा? २०२१ मध्ये भागीदारी मोडली. गाडी माझ्याकडे राहील असं तोंडी ठरलं होतं. पण नाव बदलायचं तर फॉर्म २९ आणि ३० वर विकणारा म्हणून फर्मची सही लागते, आणि भागीदार म्हणाला, आधी बाकीचा हिशोब मिटवा, मग सही. मधेच विमा संपला. तो फर्मच्या नावानेच भरायचा आणि फर्म तर बंद करायला काढलेली. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर कशी काढणार? उभी राहिली. कव्हर फाटलं, पावसाळ्यात सीटला बुरशी धरली, पुढचं डावं चाक पार बसलं. बायको रोज सकाळी तिच्या शेजारून जायची, एक शब्द बोलायची नाही. त्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. शेवटी सही मिळाली तेव्हा गाडी मातीमोल भावात गेली.

तुमचा मेहुणा चांगला माणूस असेल, आहेच. माझा भागीदारही चांगलाच होता, आम्ही शाळेपासूनचे मित्र. पण उद्या कंपनीवर एखाद्या बँकेची किंवा सरकारची वसुली आली, तर कंपनीच्या नावावर जे आहे त्यावर हात पडतो. पैसे तुमच्या पगारातून आले होते हे तेव्हा कुणी विचारत नाही.

बी-४०३: बाप रे काका, हे माहीतच नव्हतं. पण जीएसटी परत मिळतो ते तरी खरं ना?

सी-५०६: नाही. हे माझ्या रोजच्या कामातलं आहे म्हणून लिहिते. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेणं, बंद केलेलं आहे. टॅक्सीचा धंदा, ड्रायव्हिंग स्कूल किंवा गाड्यांचीच खरेदी-विक्री असेल तरच मिळतं. खोक्यांच्या कंपनीने साहेबांच्या फिरण्यासाठी घेतलेल्या गाडीवर एक रुपया परत येत नाही. आणि हायब्रिडवर कर थोडाथोडका नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, पण चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड ४३ वरून फक्त ४० वर आली.

मेहुण्याच्या कंपनीला मिळेल तो घसारा, म्हणजे गाडीची किंमत दरवर्षी घटते ती खर्च म्हणून नफ्यातून वजा करणं. गाडीवर वर्षाला १५ टक्के. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्मा, म्हणजे साडेसात. आता बघा, १९ मार्चला गाडी आली आणि ३१ मार्चच्या आत वापरात आली, तर बारा-तेरा दिवसांच्या वापरावर कंपनी अर्ध्या वर्षाचा घसारा लावू शकते. मार्च एंडला धंदेवाले गाड्या घेतात त्याचं कारण हेच. धंद्यासाठी खरंच वापरणार असतील तर त्यात वावगं काही नाही. पण तुम्ही त्या कंपनीत नोकरीला नाही, संचालक नाही. गाडी तुम्ही ऐरोलीच्या ऑफिसला नेणार. तो खर्च कंपनीचा म्हणून दाखवणंच चुकीचं आहे, आणि तुम्ही कंपनीला दिलेले १७ लाख वहीत काय म्हणून लिहायचे हा प्रश्न वेगळाच.

अजून एक. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच कापलेला आगाऊ आयकर, घेतो. तुमच्या पॅनवर घेतला तर रिटर्नमध्ये तुम्हाला वळता करून मिळतो. कंपनीच्या नावावर गाडी असेल तर हे १७ हजार कंपनीच्या पॅनवर जातात.

ए-११०२: ताईंनी मोठं काम केलं. आता आरटीओचं ऐका, कारण खरी मेख तिथे आहे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडी माणसाच्या नावावर असेल तर १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के रोड टॅक्स. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली की २० टक्के. हायब्रिडला इलेक्ट्रिकसारखी माफी नाही, ती पेट्रोलमध्येच धरतात. १७ लाखांवर १२ टक्के म्हणजे २ लाख ४ हजार. २० टक्के म्हणजे ३ लाख ४० हजार. ४५ हजार वाचवायला १ लाख ३६ हजार जादा मोजायचे.

सेल्समनने तुम्हाला ऑन-रोडचा आकडा कुठल्या नावाने काढून दिलाय ते बघा. माझ्या वेळी त्याने ब्रोशरच्या मागे बॉलपेनने सगळं लिहिलं होतं आणि डिस्काउंटच्या आकड्याभोवती दोनदा गोल केला होता. माझी नजर त्या गोलावरून हललीच नाही, टॅक्सचा आकडा त्याच्या वर तीन ओळींवर होता.

बी-४०३: कोटेशन माझ्या नावाचं आहे आणि डिस्काउंट कंपनीचा लावलाय! म्हणजे शेवटी हा फरक माझ्या अंगावरच येणार होता.

डी-७०१: मी आधी घाईत लिहिलं, सॉरी. हे काहीच माहीत नव्हतं.

ई-१०२: ताई, माझं औषधांचं दुकान आहे, प्रोप्रायटरशिप. मी दुकानाच्या नावावर घेतली तर मलाही २० टक्के का?

सी-५०६: नाही दादा. प्रोप्रायटरशिपमध्ये दुकान आणि तुम्ही कायद्याने एकच. आरसी तुमच्याच नावाची निघते, टॅक्स माणसाच्या दराने. पण तुम्ही ४४एडी, म्हणजे छोट्या धंद्यांच्या अंदाजे नफ्याच्या आयकर कलमाखाली रिटर्न भरता ना? ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून? मग घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. पूर्ण हिशोबवही ठेवत असाल तर दुकानाच्या वापरापुरता मिळेल.

ई-१०२: ४४एडीच. समजलं, धन्यवाद.

ए-११०२: विम्याचंही बघून घ्या. बी-४०३, तुमच्या जुन्या गाडीवर क्लेम घेतलाय का कधी?

बी-४०३: नाही, सात वर्षांत एकदाही नाही.

ए-११०२: मग तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्के झाला असेल. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, नव्या गाडीच्या ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यात निम्मी सूट मिळेल. नवी गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ही सूट लागत नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हरही मालक माणूस असेल तरच मिळतं. चालवणार तुम्ही, शेजारी वहिनी आणि मुलं, आणि कागदावर मालक एक कंपनी. हे मनाला पटतं का सांगा.

बी-२०१: मुला, मेहुण्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. तुझ्या बायकोलाच सांगू दे भावाला, आकड्यांसकट. तो धंदेवाला आहे, त्याला आकडे कळतात.

बी-४०३: हो काकू, आज रात्री बसतो दोघं. काका, कोटेशनचा फोटो टाकतोय, एकदा नजर घाला.

ए-११०२: बघितला. यात नुसतं ‘हायब्रिड’ लिहिलंय. माइल्ड की स्ट्राँग ते विचारून लेखी घ्या. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा दोन्हींत एकाच नावाखाली दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळे गोंधळ होतो. माइल्डमध्ये बॅटरी इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. पाटलीपाड्यापासून माजिवड्यापर्यंत रांगताना इंजिन बंद आणि गाडी पुढे सरकतेय, हे सुख फक्त स्ट्राँगमध्ये. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, म्हणून जिथे जास्त अडकायला होतं तिथेच ती जास्त वाचवते. ग्रँड विटाराच्या स्ट्राँगचा कंपनीने दिलेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. माझ्याकडची स्ट्राँगच आहे, माझ्या हाताला एसी लावून २१-२२ मिळतात. माझा पाय जरा जड आहे.

बॅटरीची भीती बाळगू नका, या दोन्ही गाड्यांत हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. डिकी मात्र उघडून बघा. बॅटरी मागे असल्याने जागा कमी होते. कोकणात गणपतीला जाताना सामान किती असतं ते आठवून दोन बॅगा घेऊनच शोरूमला जा. मी नेल्या होत्या. एक आडवी बसली, दुसरी पायाशी ठेवावी लागली.

ए-२०४: आणि मार्चमध्ये मिळणारी गाडी मागच्या वर्षी बनलेली नाही ना, ते विचारा. आरसीवर महिना आणि वर्ष येतं, विकताना त्यावरून भाव पाडतात. २०२५ ची असेल तर डिस्काउंट जास्त मागा.

बी-४०३ (शुक्रवार): मंडळी, काल शोरूमला जाऊन आलो. बुकिंग माझ्याच नावाने करणार असं सांगितल्यावर आधी म्हणाले, मग कॉर्पोरेट मिळणार नाही. मी माझ्या ऑफिसचं आयकार्ड आणि पगाराची स्लिप पुढे केली. यादीत आमच्या कंपनीचं नाव निघालं, २५ हजार मिळाले. हे मला कुणी आधी विचारलंच नव्हतं. गाडी डिसेंबर २०२५ ची आहे म्हणून अजून १५ हजार सोडवले. स्ट्राँग हायब्रिड असं कोटेशनवर लिहून घेतलंय. दोन बॅगा नेल्या होत्या काका, तुमचं अगदी बरोबर.

मेहुण्याला बायकोने फोन केला. त्याला २० टक्क्यांचं माहीतच नव्हतं. त्याची स्वतःची एक गाडी कंपनीच्या नावावर घ्यायची होती, तीही त्याने थांबवली. ताई, तुमचा नंबर त्याला देऊ का?

सी-५०६: द्या ना. पण मार्च आहे, रात्री नऊनंतरच फोन करायला सांगा.

ए-१०१ सेक्रेटरी: अभिनंदन. आरसी सभासदाच्याच नावावर असल्याने स्टिकरला अडचण नाही. कंपनीच्या नावाची असती तर कमिटीला वेगळं पत्र द्यावं लागलं असतं. आरसी आली की प्रत ऑफिसात द्या, जुन्या गाडीचं स्टिकर परत करा. आणि पाडव्याला सकाळी पूजा गेटपाशी करू नका, स्कूलबस अडते. बागेजवळची जागा मोकळी करून ठेवतो.

ए-११०२: नारळ मी आणतो.