पहिली व्हाइटटेल ट्रिप, तीही धनुष्याने: मिडवेस्टात आउटफिटर कसा निवडावा?

रानवाट:
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहतो, एच-वन-बीवर आहे. दोन वर्षं कंपाउंड बोवर (पुलींच्या आधुनिक धनुष्यावर) सराव करतोय. 30 यार्डांवरून सगळे बाण वाटीएवढ्या जागेत बसतात. हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट झालंय. येत्या नोव्हेंबरात मिडवेस्टच्या शेतीपट्ट्यात गाइड घेऊन पाच दिवस व्हाइटटेल हरणासाठी जायचं मनात आहे. जो तो आयोवाचं नाव घेतो. बजेट टॅग (एक हरीण मारायचा परवाना) धरून साडेचार हजार डॉलर. कुठे जावं, आउटफिटरला (जमीन, मचाण, गाइड देऊन शिकारीची ट्रिप चालवणाऱ्याला) काय काय विचारावं? व्हिसावर हे चालतं ना? घरात शिकारीला जाणारा मी पहिलाच, विचारायला दुसरं कोणी नाही.

धसकट:
आयोवात राहतो, धनुष्याने शिकार करायला लागून बरीच वर्षं झाली. आधी व्हिसाचं. नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची आडकाठी आहे, आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. धनुष्य या कायद्यात बंदूक धरलं जात नाही, त्यामुळे निर्धास्त राहा.

आयोवा यंदा डोक्यातून काढा. बाहेरच्या राज्यातल्यांसाठी नर-मादी कुठलंही चालेल असे टॅग 6,000, त्यातले 35 टक्के धनुष्यवाल्यांना. अर्ज मे ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, मग सोडत निघते, आणि चांगल्या झोनसाठी सोडतीत पुढे नेणारे पॉइंट साठवत काही वर्षं थांबावं लागतं. इथे नर मोठे होतात त्याचं एक कारण म्हणजे शॉटगनचे मुख्य हंगाम डिसेंबरात असतात. नोव्हेंबरात माजावर आलेले नर भान हरपून माद्यांमागे धावतात, तेव्हा रानात बहुतेक धनुष्यवालेच असतात. पॉइंट घ्यायला आजपासून लागा, पण पहिली ट्रिप मिझुरी किंवा ओहायोला करा. तिथे सोडत नाही, टॅग थेट विकत मिळतो. मिझुरीत धनुष्याचा हंगाम 15 सप्टेंबर ते 15 जानेवारी, मध्ये नोव्हेंबरातल्या बंदुकीच्या दिवसांत बंद. म्हणून नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरा.

आता आउटफिटर. फोटोंवर जाऊ नका. माझ्या पहिल्या ट्रिपला भिंतभर शिंगांचे फोटो होते आणि एका शेतावर आम्ही नऊ जण! सकाळी मला ज्या मचाणावर चढवलं, तिथून वारा सरळ हरणं येतात त्या ओढ्याकडे वाहत होता. सांगून पाहिलं, तर म्हणाले, बसा. सात वाजता दोन माद्या आल्या, नाक वर केलं, जोरात फुत्कारल्या आणि पांढऱ्या शेपट्या उभारून गेल्या. पाच दिवस हेच. तेव्हा पहिला प्रश्न हा: एकूण जमीन किती, एका वेळी शिकारी किती, आणि वारा फिरला तर बसायला दुसरी जागा आहे का?

दुसरा प्रश्न पिकाचा. हा सगळा मका-सोयाबीनचा मुलूख. मका उभा असेल तर हरणं दिवसभर त्यातच लपतात, तिथेच खातात. तुम्ही बांधावर बसून कंटाळाल. कापणी झाली की त्यांना झाडीतून बाहेर यावं लागतं आणि धसकटांत सांडलेल्या दाण्यांवर संध्याकाळी चरायला येतात. पाऊस लांबला की कापणीही लांबते. म्हणून ऑक्टोबर अखेरीस फोन करून विचारा, तुमच्या कुठल्या शेतात काय उभं आहे? जो पटकन शेतवार सांगतो, त्याला आपली जमीन माहीत आहे.

पैसे: पूर्ण गाइडसह अडीच ते पाच हजार डॉलर हा सर्वसाधारण भाव, टॅग वेगळा, टिप वेगळी. शिंगांच्या किमान मापाची अट विचारा. काही ठिकाणी (शिंगांच्या सगळ्या फाट्यांची मापं मिळून) 125-130 इंचांखालचा नर मारला तर दंड घेतात. पहिल्या खेपेला अशी अट नसलेली जागा बरी.

कराडची_लेक:
रानवाट दादा, एक गोष्ट मनापासून सांगते. फुल-बॉडी हार्नेस (अंगभर बांधायचा सुरक्षापट्टा) स्वतःचा न्या आणि जमिनीवरूनच लाइफलाइनला (मचाणापासून खालपर्यंत सोडलेल्या सुरक्षादोरीला) अडकवून मचाणावर चढा, वर पोचल्यावर नव्हे. माझा पाय पहाटेच्या दहिवराने निसरड्या झालेल्या पायरीवरून गेला होता, 14 फुटांवर. दोरीने धरलं म्हणून आज लिहितेय. धनुष्य वेगळ्या दोरीने वर ओढायचं, हातात घेऊन चढायचं नाही. ज्या आउटफिटरच्या मचाणांना लाइफलाइन नाही, तिथे जाऊ नका, पैसे परत मिळोत न मिळोत.

शांत_नदी:
राग मानू नका, पण मुकं जनावर असं मारायला जीव कसा धजतो? आपल्याकडे भारतात शिकारीला बंदी आहे ते योग्यच वाटतं.

धसकट:
राग कसला, हा प्रश्न प्रत्येक शिकाऱ्याने स्वतःला विचारावाच. भारतात बंदी योग्यच आहे. इथली गोष्ट वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठीच्या बेसुमार शिकारीने अमेरिकेत व्हाइटटेल जेमतेम काही लाख उरले होते, आज कोट्यवधी आहेत. लांडगा-पुमा मिडवेस्टच्या बहुतेक शेतीपट्ट्यातून गेले, मका मात्र वाढला. वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च लायसन्सच्या पैशांतून आणि शिकारीच्या सामानावरच्या करातून निघतो. 1937चा तो कर 1972च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांवरही आला.

रानवाट:
सगळ्यांचे आभार. बाण लागल्यावर काय करायचं, याची मला सर्वांत जास्त काळजी आहे.

धसकट:
असायलाच हवी. आडवं उभं असलेलं किंवा किंचित पलीकडे वळलेलं हरीण, 25 यार्डांच्या आत, एवढाच बाण सोडायचा. समोरून तोंड करून असेल तर थांबायचं.

मग बाण शोधा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबून निघा, शंभर-दीडशे यार्डांत मिळतं. माझा बाण एकदा फुप्फुसाच्या फार मागे लागला. बाण मातीत रुतलेला, पिसांना हिरवट चिकट लेप, नाकाशी नेला तर आंबूस शेणासारखा वास. पोटात लागल्याची खूण होती, सकाळपर्यंत हलायचं नव्हतं. मी चाळीस मिनिटांत टॉर्च घेऊन निघालो. साठ पावलांवर तो झुडपातून उठला आणि ओढा ओलांडून गेला. पुढे रक्ताचा थेंब नाही. चार दिवस कावळे कुठे उतरतात ते बघत फिरलो. मिळाला नाही. त्या घाईचं मला अजून वाईट वाटतं. गाइड घाई करू लागला तरी तुम्ही थांबा. माग काढणारा कुत्रा बोलावता येतो का, हेही आधी विचारून ठेवा.

कराडची_लेक:
आणि मटणाचं. सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाची तपासणी करून घ्या, निकाल येईपर्यंत फ्रीजरमध्ये. घरी आणताना हाडं काढलेलं मांसच आणा. मेंदू-कण्यासकट धड राज्याबाहेर न्यायला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे मांडीचं मांस मोठ्या आचेवर चिवट होतं. रात्रभर दही-आलं-लसूण लावून ठेवायचं, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दोन तास. जास्त झालं तर मिझुरीत शेअर द हार्वेस्ट मधून गरजूंना देता येतं.

रानवाट:
अपडेट: मिझुरीतल्या तिघांना फोन केले. दोघं शिकाऱ्यांचा आकडा सांगेनात. तिसऱ्याने न विचारता शेतांचे नकाशे पाठवले: चार शिकारी, सात शेतं, प्रत्येक मचाणाला लाइफलाइन, नराच्या मापाची अट नाही. 2 ते 6 नोव्हेंबर बुक केलंय. त्याआधी सप्टेंबरात इथेच जर्सीत एका मादीसाठी बसणार आहे. हार्नेस आजच मागवला.